दोन इंच बर्फ आणि रात्रभराची कोंडी

प्रश्न : आम्ही नुकतेच पुण्याहून अटलांटाजवळच्या अल्फारेटा येथे राहायला आलो आहोत. मी आणि माझे पती नोकरीसाठी रोज मोटारीने ये-जा करतो, तर मुलगा शाळेच्या बसने जातो. येथे बर्फ क्वचितच पडतो, पण पडला की वाहतूक ठप्प होते, असे शेजारी सांगतात. एवढ्याशा बर्फाने असे का व्हावे? अडकल्यास काय करावे?

उत्तर : तुमच्या शेजाऱ्यांच्या मनात बहुधा २८ जानेवारी २०१४ चा दिवस असावा. त्या दिवशी अटलांटात जेमतेम दोन-अडीच इंच बर्फ पडला. उत्तरेकडच्या बर्फाळ मिनेसोटा राज्यात कुणी त्याची दखलही घेतली नसती. मात्र बर्फ पडू लागल्यावर दुपारी शाळा, सरकारी कचेऱ्या आणि कंपन्या जवळजवळ एकाच वेळी सुटल्या आणि सारे शहर एकदम रस्त्यावर आले. चाकांखाली दबून वितळलेला बर्फ पुन्हा गोठला व त्याचा निसरडा थर झाला, चढांवर मालट्रक आडवे झाले आणि मीठ टाकणारी वाहनेही त्याच कोंडीत सापडली. हजारो मुलांना रात्र शाळेत काढावी लागली. अनेकांनी मोटारी महामार्गावर सोडून दुकानांत आसरा घेतला. दोष बर्फाचा थोडा आणि सर्वांनी एकदम निघण्याचा अधिक होता. पुढच्याच महिन्यात वादळ आले तेव्हा लोक आधीच घरी थांबले आणि तशी कोंडी झाली नाही.

म्हणून बर्फाचा इशारा असेल त्या दिवशी घरूनच काम करण्याची परवानगी आदल्या दिवशी मागावी; कचेरीत असताना बर्फ सुरू झालाच, तर घाईने निघण्यापेक्षा तेथेच थांबण्याची तयारी ठेवावी. मार्टाच्या, म्हणजे अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूक सेवेच्या, रेल्वेचा पर्याय आहे, पण ती नॉर्थ स्प्रिंग्ज स्थानकापर्यंतच येते, अल्फारेटापर्यंत नाही.

निघणे भागच असेल तर वेग अगदी कमी ठेवावा आणि पुलांवर विशेष जपावे, कारण खालूनही थंड हवा लागत असल्याने ते रस्त्याच्या आधी गोठतात. फोर व्हील ड्राइव्हच्या मोटारीबद्दल कुणी कितीही बढाया मारोत, ती चढ चढायला मदत करते, थांबायला नाही. मोटारीत ब्लँकेट, पाणी, कोरडा खाऊ, नेहमीची औषधे आणि मोबाइलचा चार्जर असावा. हिवाळ्यात इंधनाची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. अडकल्यावर इंजिन सतत चालू न ठेवता तासाला दहा मिनिटे चालवावे आणि त्याआधी धुराच्या नळीपुढचा बर्फ काढावा, अन्यथा कार्बन मोनॉक्साइड आत साचून जिवावर बेतू शकते.

मुलाच्या शाळेत, चालत जाऊन त्याला घेऊ शकेल अशा एखाद्या विश्वासू शेजाऱ्याचे नाव आताच नोंदवून ठेवावे.