अंतराळात तगून राहण्याच्या किशोर कादंबऱ्यांतलं विज्ञान खरं असतं का? सुरुवात कुठून करू?

रॉबर्ट हाइनलाइनची 'हॅव स्पेस सूट, विल ट्रॅव्हल' (1958) घ्या. साबण कंपनीच्या स्पर्धेत जुना, वापरलेला स्पेससूट बक्षीस मिळालेला नायक किप घरीच खटपट करून तो दुरुस्त करतो. ती पानं मला पुढच्या परग्रहवासीयांपेक्षा जास्त आवडली. चंद्रावर त्याची हवा संपत येते. हाताशी सिलिंडर आहे, पण जोड वेगळा, बसतच नाही! मग चिकटपट्टीचा जुगाड.

अतिशयोक्ती वाटते ना? 1970 मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो 13 यानावर जवळपास हेच झालं. कार्बन डायऑक्साइड शोषणारे मुख्य यानातले डबे चौकोनी, आणि तिघांनी आसरा घेतलेल्या छोट्या यानातली जागा गोल. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, सूटची नळी नि टेप यांवर निभावलं.

शेवटी कथा दूरच्या तारकामेघात खटला चालवायला जाते, तिथे विज्ञान शोधू नका. आणि निर्वातात माणूस फुग्यासारखा फुटतो असं कुठल्या पुस्तकात दिसलं, तर तेही खोटं. 1966 मध्ये ह्यूस्टनला निर्वात खोलीतल्या चाचणीत एकाच्या स्पेससूटची नळी सुटली. साधारण 14 सेकंदांत तो बेशुद्ध पडला, पण वाचला. जिभेवरची लाळ उकळत होती, एवढं त्याला आठवत होतं.