वाचकांचे प्रश्न : आंग्र्यांची गलबतं इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना कशी धरत?

प्रश्न : इंग्रजांची जहाजं तोफांनी भरलेली. मग कान्होजी आंग्र्यांची लहान गलबतं त्यांना कशी धरत? आणि इंग्रज त्यांना चाचे का म्हणत?
– एक वाचक, परभणी

उत्तर : वारा पडला की. मोठं जहाज शिडांवरच चालायचं, ते जागीच अडकून पडे. गलबताला 40-50 वल्ही असत; ती गलबतं 150 ते 300 टनांच्या गुराबांना (आंग्र्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजांना) दोरांनी ओढत जहाजाच्या पिछाडीला आणत. इंग्रजी तोफा बहुतेक दोन्ही कुशींना, पिछाडीला मोजक्याच. गुराबाच्या नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या) तोफा समोर मारा करत, पण आधी डोलकाठी आणि दोरखंडावर. जहाज लुळं पडलं की गलबतांतली माणसं चहूबाजूंनी वर चढत. जोराचा वारा सुटला की मात्र डाव फसे. खोल समुद्रात इंग्रजच वरचढ.

चाचेपणाचं म्हणाल तर भांडण दस्तकाचं, म्हणजे समुद्रात फिरायच्या परवान्याचं. छत्रपतींचे सरखेल (आरमारप्रमुख) म्हणून कान्होजी परवान्याचे पैसे मागत, इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी ते द्यायला तयार नव्हती, म्हणून ती त्यांना चाचे ठरवी. खऱ्या चाच्यांच्या बंदोबस्तासाठी हिंदी महासागरात आलेला कमोडोर थॉमस मॅथ्यूजही 1721 मध्ये पोर्तुगीजांसह अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेला. जमिनीवरचा हल्ला फसला. कान्होजींच्या मदतीला बाजीराव आले (हेच पुढे 1728 मध्ये आपल्या वैजापूरजवळच्या पालखेडला निजामाला कोंडणारे), आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून परस्पर तह उरकला.