जीपीएस नव्हतं तेव्हा स्पुटनिक कुठे आहे हे जमिनीवरून कसं कळायचं? प्रचंड डिश लागायची का?

डिश कसली? स्पुटनिकचा ट्रान्समीटर एक वॉटचा, 20 आणि 40 मेगाहर्ट्झवर. शॉर्टवेव्ह सेटवर हौशी लोकांनी घरी बसून ऐकला. अमेरिकेच्या मिनिट्रॅक या उपग्रहांचा माग काढणाऱ्या यंत्रणेत अँटेनांच्या जोड्या असायच्या. दोन अँटेनांवरच्या सिग्नलच्या फेजमधल्या (लहर किती पुढे-मागे आहे त्यातल्या) फरकावरून उपग्रहाची दिशा निघायची. पण ती बेतलेली 108 मेगाहर्ट्झसाठी. 4 ऑक्टोबर 1957 ला रशियन भलत्याच फ्रिक्वेन्सीवर वाजायला लागले आणि यांची पळापळ. ते नेटवर सापडेल. मला बोलायचंय डॉप्लरवर: सिग्नल देणारा जवळ येताना फ्रिक्वेन्सी चढलेली भासते, लांब जाताना उतरलेली.

कारण 1989 साली एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला झापलं होतं: "एका जागेवर बसून डॉप्लरने वेग कळेल, अंतर नाही. या तुम्ही."

आलो बाहेर, पण डोक्यातून जाईना. जुन्या बाजारातला मिलिटरी रिसीव्हर होता, गच्चीत कपड्यांच्या दोरीशेजारी तार ताणली आणि आरएस-10 हा हौशी रेडिओवाल्यांसाठीचा रशियन उपग्रह 29.357 मेगाहर्ट्झवर पकडला. बीएफओ (मोर्सचा सूर ऐकू यावा म्हणून रिसीव्हरमध्ये असलेला ऑसिलेटर) लावला की त्याच्या मोर्सची शिट्टी ऐकू येते, आणि उपग्रह पुढे सरकतो तशी ती उतरत जाते. फ्रिक्वेन्सी काउंटर कुठून आणणार? ताईची पेटी होती. ती एकेक पट्टी खाली येत सूर जुळवायची, जुळला की "हं" म्हणायची, मी घड्याळ बघून वहीत वेळ टिपायचो. शेजारच्या काकूंना वाटलं भजनाची तयारी.

आलेख काढला. सूर आधी जेमतेम हलतो, मध्ये कोसळतो, मग पुन्हा रेंगाळतो. उपग्रह डोक्यावरून गेला तर झपकन कोसळतो, लांबून गेला तर सावकाश. तो उतारच अंतर सांगतो, सर! अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या गायर आणि वायफेनबाखनी स्पुटनिकची कक्षा असल्याच वक्रांवरून काढली. 1958 मध्ये तिथल्याच मॅक्लूरने प्रश्नच उलटा केला: कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे? त्यातून ट्रान्झिट हे उपग्रहांवरून आपली जागा शोधायचं तंत्र आलं, जीपीएसच्या कितीतरी आधी.

आता खरं सांगायचं तर एका फेरीवरून उपग्रह डावीकडून गेला की उजवीकडून, हे धड ठरत नाही. म्हणजे सर चार आणे बरोबर. आणि पेटीवरून कक्षा काही माझ्याच्याने निघाली नाही.

तुम्ही एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घ्या, वॉटरफॉलवर, म्हणजे वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रावर, तो वक्र आयता दिसतो. प्रिंट काढून ठेवा, तोंडी परीक्षेला जाताना खिशात असू द्या.