माथेरानला घोडा न करता एका दिवसात पायी काय बघता येईल?

बरंच काही. दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्यांना बंदीच आहे, त्यामुळे बरेच जण चालतात. तिथून रुळांच्या कडेने बाजारपेठ गाठा, अमन लॉज स्टेशनवरून सुटणारी शटल (मिनी ट्रेन) घेऊ नका.

वेळ कमी असेल तर शार्लोट लेक, एको आणि लुईझा पॉइंट एवढंच करा. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो. वाट जांभ्याच्या लाल मातीची, वर दाट सावली. मधेच फांद्या हलल्या की थांबा, शेकरू असू शकतं. (बहुतेकदा माकडंच निघतात, वेफर्सचं पाकीट आत ठेवा.) पॅनोरमा पॉइंट लांब पडतो, तो मुक्काम असेल तर पहाटे. पांढरे बूट मात्र घरीच ठेवा, ती माती धुऊन जात नाही.