‘सॅश’ म्हणजे कमरपट्टा नव्हे

इंग्लंडमधील जुन्या ग्रामीण वाड्यांवरील एका लेखात ‘जॉर्जियन काळात (ढोबळमानाने अठराव्या शतकात) दगडी खिडक्या काढून पट्टा-खिडक्या बसवल्या’ असे वाक्य आले आहे, तर पट्टा-खिडकी म्हणजे काय, असे एका वाचकाने विचारले आहे. अशी खिडकी अस्तित्वातच नाही. मूळ इंग्रजी शब्द आहे ‘सॅश विंडो’, म्हणजे चौकटीत वर-खाली सरकणाऱ्या तावदानांची खिडकी. भाषांतरकाराने कोशातील ‘सॅश’चा पहिला अर्थ उचलला आणि भिंतीला कमरपट्टा बांधला. हा प्रमाद वारंवार वाचनात येतो आणि दर वेळी तितकाच खटकतो.

कमरेचा सॅश अरबी ‘शाश’वरून, म्हणजे फेट्याच्या मलमलीवरून आला. खिडकीच्या सॅशचे मूळ फ्रेंच ‘शासी’, म्हणजे चौकट. इंग्रजांच्या कानाला हा शब्द अनेकवचनी वाटला, म्हणून त्यांनी त्याचे शेपूट छाटून सतराव्या शतकात ‘सॅश’ हे एकवचन घडवले. तोच फ्रेंच शब्द पुढे मोटारींबरोबर इंग्रजीत पुन्हा शिरला आणि आपल्या गॅरेजांत ‘चासी’ झाला. मालमोटारीचा सांगाडा आणि उमरावाच्या दिवाणखान्याची खिडकी ही नात्याने सख्खी भावंडे आहेत!

इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशात मात्र दोन्ही सॅश एकाच दावणीला बांधले आणि त्यांचे मूळ ‘जाणणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात शोधले. कारण काय, तर पट्टा ही प्रतिष्ठेची खूण आणि खिडकी पाहण्यासाठी व दिसण्यासाठी असते. ही व्युत्पत्ती नव्हे, निव्वळ कल्पनाविलास आहे. त्या दशकांत गावोगावचे सुतार याच चौकटी बसवत होते. त्यांपैकी एकाला विचारले असते, तरी चौकटीचा अर्थ हाती लागला असता.

माझ्या मते खरी गंमत पुढेच आहे. ‘शासी’चे मूळ लॅटिन ‘काप्सा’, म्हणजे पेटी. बिजागरीवर उघडणाऱ्या जुन्या खिडकीचे ‘केसमेंट’ हे नावही मला त्याच पेटीतून निघालेले दिसते. लंडनच्या ऑस्टर्ली पार्कसारख्या सोळाव्या शतकातील घराला वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमने १७६१पासून नवे रूप दिले. अशा फेरबदलांच्या त्या शतकात शिशाच्या पट्ट्यांत जडवलेल्या लहान काचांची केसमेंट ठिकठिकाणी गेली आणि सॅश आली, म्हणजे एका पेटीने दुसरीला हुसकावले. शिवाय सॅशला तोलणारी वजने दोरीने कप्पीवरून खाली सोडलेली असतात, तीही बाजूच्या पोकळ पेटीतच. १७७४च्या लंडनच्या इमारत कायद्याने तर ही पेटी भिंतीआड दडवायला लावली.

मराठीत ‘वर-खाली सरकत्या तावदानांची खिडकी’ असे लिहावे.