वाचक विचारतात: जुलैत न दिसलेली बाग

प्रश्न: लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा एसेक्समधल्या ब्रेंटवुडजवळचं वॉर्ली प्लेस पाहिलं. एलन विल्मट यांची नामांकित बाग म्हणून गेलो, तर जुलैत नुसतं रान, पडक्या भिंती आणि सिकॅमोरचे तोडलेले बुंधे. राखीव जंगलात झाडं का तोडतात? आणि तिथल्या स्नोड्रॉप या फुलाचे कंद नाशिकला रुजतील का?

उत्तर: बाग आहे, तुम्ही पाच महिने उशिरा गेलात. विल्मटबाईंच्या भरभराटीच्या काळात तिथे शंभरावर माळी राबत. त्या १९३४ साली वारल्या, १९३९मध्ये घर पाडलं गेलं आणि मोकळ्या जागेत रान माजलं. १९७७पासून एसेक्स वाइल्डलाइफ ट्रस्ट ती जागा सांभाळतो. विल्मटबाईंनी लावलेले कंद मात्र जमिनीत टिकून आहेत. फेब्रुवारीत स्नोड्रॉप, मागोमाग क्रोकस, मार्चमध्ये डॅफोडिल. झाडांना पालवी फुटायच्या आत ऊन मिळतं तेवढ्यात फुलायचं, कंद भरून घ्यायचा आणि जूनपर्यंत पानं मिटवून गप्प बसायचं. आपली रानहळद दिवाळीनंतर अशीच दिसेनाशी होते, फक्त तिचं घड्याळ पावसावर चालतं.

सिकॅमोरचं पंखवालं बी वाऱ्याने पसरतं आणि त्याची सावली दाट. खालच्या कंदांचं ऊन अडतं, म्हणून ती झाडं तोडतात. कोवळं रोप पहिल्या वर्षी हाताने उपटतं. नंतर तोडावं तर बुंध्यातून धुमारे फुटतात. सगळी झाडं एकदम काढली तर अचानक आलेल्या उन्हात काटेरी ब्रँबल माजतं, म्हणून टप्प्याटप्प्याने तोडलेलं बरं.

नाशिकचा बेत सोडा. रात्री पारा उतरला तरी दुपारचं ऊन तिशीच्या आसपास जातं. या कंदाला सलग कित्येक आठवडे थंड माती लागते. त्यातून तगलाच, तर झोपेच्या दिवसांत पावसाळ्याच्या उबदार ओलीत कुजेल. शिवाय राखीव जागेतून काही उपटायचं नसतं, आणि बॅगेतून कंद आणायचे तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला दोन्ही लागतात.

लेकीच्या तिकडच्या अंगणात खुशाल लावा, पण नर्सरीतले. शरदात मिळणारे सुके कंद टाळा. ते आतून वाळतात आणि निम्मेअधिक उगवतच नाहीत. फुलं ओसरल्यावर, पानं हिरवी असतानाच गड्डा घ्या आणि तीन-चार कंदांचे झुबके करून लावा. देठाचा खालचा पांढुरका भाग मातीत गेला की खोली बरोबर. लगेच पाणी घाला. पुढे पानं पिवळी पडेपर्यंत, साधारण सहा आठवडे, तिथे गवत कापायचं यंत्र फिरवू नका. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांतूनच कंदात उतरतं. क्रोकसचे कंद खारी उकरून खातात. स्नोड्रॉप विषारी, त्याच्या वाटेला त्या सहसा जात नाहीत.