शेपटीजवळचा काप

प्रिय बेटा,

मुंबईत मासळी आयात करणाऱ्या कंपनीत खरेदीचं काम मिळतंय, ब्लूफिन ट्यूना हा महागडा समुद्री मासाही हाताळावा लागेल, हे वाचून ऊर भरून आला. साकोलीच्या बाजारात रोहू-कतला विकणाऱ्या घरातलं लेकरू तू. मला जे उशिरा कळलं, ते तुला आधीच कळावं म्हणून लिहितो.

तू पाठवलेली ती बातमी आधी डोक्यातून काढ. २०१९ च्या जानेवारीत टोकियोच्या तोयोसु बाजारात २७८ किलोचा ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनला गेला, किलोला १२ लाख येन. खरं आहे ते. पण तो वर्षातल्या पहिल्या लिलावाचा भाव, त्यात मान आणि जाहिरात आली. घेणाऱ्याने तो आपल्या दुकानांत नेहमीच्याच दराने खाऊ घातला. पोळ्याच्या बाजारातल्या झुलीच्या भावावर कोणी वर्षाचा हिशेब मांडतं का?

खरा भाव शेपटीपाशी ठरतो. लिलावाआधी तिथलं मांस कापून उघडं ठेवतात. खरेदीदार टॉर्च मारून रंग बघतो, चिमूटभर मांस काढून दोन बोटांत चोळतो. बोटांना तुपासारखी चिकणाई लागली की समजायचं, चरबी चांगली धरलीय. पोटाकडचा चरबीचा भाग, ज्याला ते ‘तोरो’ म्हणतात, तोच सगळ्यात महाग. आपल्याकडचा अडत्या धानाचा दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगतो ना, तसंच हे, आणि तितक्याच वर्षांनी येणारं. मांस पांढुरकं, पाणी सुटलेलं, शिजल्यासारखं दिसलं तर हात मागे घे. त्याला जपानी लोक ‘याके’ म्हणतात. ब्लूफिनचं अंग भोवतीच्या पाण्यापेक्षा गरम असतं. पकडल्यावर तडफडत राहिला की आणखी तापतो आणि आतून बिघडतो. म्हणून तो झटकन मारायचा, रक्त काढायचं, बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. मे महिन्यात जाळ्यात फार वेळ राहिलेला रोहू कसा लुळा पडतो, ते तुला सांगायला नको.

रंगावर मात्र भाळू नकोस. साध्या उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ट्यूना हळूहळू तपकिरी पडतो, म्हणून चांगला माल उणे ६० ला ठेवतात. माझ्या सुरुवातीच्या काळात एका पुरवठादाराकडून आम्ही यलोफिन या दुसऱ्या जातीच्या ट्यूनाचे गोठवलेले तुकडे घेतले. कलिंगडासारखे लाल. वितळवून दुसऱ्या दिवशी बघितले, तरी तितकेच लाल, आणि आम्ही खूश! त्यांना कार्बन मोनॉक्साइड वायू दिला होता. तो रंग मासा शिळा झाला तरी टिकतो; आत हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य तयार होत राहतं, आणि ते शिजवूनही जात नाही. तो माल आम्ही पुढे विकला होता, हे आजही सलतं.

आता कागद. ब्लूफिन तीन प्रकारचा: अटलांटिक, पॅसिफिक, दक्षिणी. अटलांटिकचा कोटा ‘आयकॅट’ हे आंतरराष्ट्रीय मंडळ ठरवतं. कुठल्या बोटीने धरला, कुठल्या पिंजऱ्यात पोसला, कोणी निर्यात केला, सगळं त्यांच्या ऑनलाइन दाखल्यात असतं. दक्षिणीच्या तर अख्ख्या माशाला क्रमांकाचा बिल्ला लागतो. अतोनात पकडीमुळे २०१० मध्ये अटलांटिक ब्लूफिनचा आंतरराष्ट्रीय व्यापारच बंद करायचा प्रस्ताव वन्यजीवांच्या व्यापारावरच्या दोहाच्या परिषदेत आला होता. तो पडला, पण कोटे आवळले गेले, चोरट्या पकडीवर नजर बसली, आणि धोक्यातल्या जीवांच्या जागतिक ‘लाल यादी’त २०२१ मध्ये हा मासा धोक्याच्या वर्गातून बाहेर आला. दाखला नसलेला मासा कोणी निम्म्या भावात दिला तरी घेऊ नकोस. साहेब ओरडला तर ओरडू दे.

येत्या बुधवारी आपल्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं पडणार आहे. पहाटे पाचला ये, बर्फ मी आणतो. दहा मासे काठावरच साफ करायचे, दहा तसेच उन्हात ठेवायचे, आणि दुपारी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी वेगळे करून दाखवायचे.

तुझा,
काका